आकडा खरा कशावरून?

कारखान्यात, डेअरीत, औषधांच्या कंपनीत राबणारे भाऊ-बहिणी आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. मीटरवर ७२ अंश दिसले की वहीत ७२ लिहायचे, हा रोजचा शिरस्ता. पण तो आकडा खरा कशावरून?

मीटरला जोडलेल्या नळीत प्लॅटिनमची बारीक तार असते. कामगार तिला 'पीटी हंड्रेड' म्हणतात. प्लॅटिनम तापले की त्याचा विजेला होणारा रोध ठरल्याप्रमाणे वाढतो. ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला सुमारे १३८.५ ओहम. मीटर रोध मोजतो आणि अंश दाखवतो.

घोटाळा होतो तो इथेच. नळीपासून मीटरपर्यंत दोनच तारा लांबवर ओढल्या आणि त्यांचा १ ओहम रोध मिसळला, तर आकडा सुमारे अडीच अंशांनी वाढून दिसतो. डेअरीत दूध ७२ अंशांवर किमान १५ सेकंद तापवतात. मीटर ७२ सांगतो, दूध मात्र साडेएकोणसत्तरवरच! मग जंतू मेले याची खात्री कोणी द्यावी? ते दूध तर आपल्याच लेकरांच्या पोटात जाते. म्हणून तीन किंवा चार तारांची जोडणी करतात.

पडताळा घेणे अवघड नाही. साहेबांची परवानगी घेऊन नळी बाहेर काढा. थर्मासमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ बारीक ठेचून भरा, फटींत तेच पाणी थंड करून घाला. नळी खोल बुडवा, तळाला टेकवू नका. पंधरा-वीस मिनिटांनी रोध १०० ओहम यावा. 'बी' वर्गाच्या नळीला ०.१२ ओहमचा फरक चालतो. उकळत्या पाण्यावर मात्र विसंबू नका. पुणे उंचावर असल्याने तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते.

एवढ्याने शून्य अंशाचीच खात्री पटते. पुरते कॅलिब्रेशन करताना प्रमाणित तापमापक आणि आपली नळी एकाच बाथमध्ये ठेवून, कामाच्या तापमानांना दोन्ही ताडून पाहतात. त्या प्रमाणित तापमापकाचीही वरच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

माल बिघडला की पहिला जाब सही करणाऱ्यालाच विचारतात. तेव्हा कॅलिब्रेशनच्या दाखल्यावरची तारीख पाहा. मुदत संपली असेल तर लेखी कळवा. आयटीआयत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनीही हे काम जरूर शिकून घ्यावे. आकडा लिहिणारा हात तो तपासणाराही व्हावा, एवढेच आमचे सांगणे.