दुसऱ्याने फेडलेले ऋण

आपल्याकडे प्रायश्चित्त पाप करणाऱ्यानेच घ्यायचे असते. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र निष्पाप येशूने ते क्रुसावर सर्वांसाठी, एकदाच घेतले. म्हणून पुढे पशुबळीची गरज उरली नाही. मराठी बायबलने 'प्रायश्चित्त' हाच शब्द ठेवला, पण ते घेणारा बदलला. फादर स्टीफन्स यांनी ही कथा १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'त मराठी ओव्यांत गुंफली.

मग माणूस मोकळा सुटला काय? मला तसे वाटत नाही. माझ्या शिक्षणासाठी वडील मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ते ऋण माझ्याने फिटणार नाही. पण म्हणून तास बुडवण्याची मुभाही मला मिळत नाही. क्षमेचेही तसेच आहे. दुसऱ्याने आपल्यासाठी सोसले, की तेथूनच आपली जबाबदारी सुरू होते.

— द्वितीय वर्ष, कला