उतारवय आणि दरीची वाट

मार्गशीर्ष लागला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात प्रवासाचे बेत शिजू लागतात. तूर पिवळी पडू लागलेली असते, हरभरा फुलावर आलेला असतो आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस राहणारी मुले नाताळच्या सुटीत गाडी घेऊन घरी येतात. औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव ही तर आपल्या अंगणातली ठिकाणे. त्यांच्यापलीकडे दोन-तीन दिवसांची सवड असेल, तर नजर साहजिकच लोणार आणि अजिंठ्याकडे वळते. सेनगाव, रिसोड करीत लोणार, तेथे मुक्काम, आणि पुढे मेहकर, चिखली, बुलढाणा या बाजूने अजिंठा. वाटेत काळा कातळ, वाळलेले गवत, कोरडे ओढे. हे वाळवंट नव्हे. परंतु या दिवसांत हवा कोरडी, पहाट बोचरी आणि दुपार चटका देणारी असते. या मुलखातील दोन्ही मुख्य स्थळे दऱ्यांमध्ये आहेत, हे मात्र निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावयास हवे.

दरीचा हिशेब

डोंगर चढताना दम आधी लागतो. पहिल्या शंभर पावलांतच आपली शक्ती आपल्याला कळते आणि माणूस वेळीच थांबतो. दरीचे तसे नाही. उतरताना श्वास शांत असतो, उत्साह असतो, आणि कष्टाचा भाग शेवटी येतो. तोही ऊन चढल्यावर, पाय थकल्यावर. शिवाय उतरताना मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर जो ताण पडतो, तो त्या क्षणी जाणवत नाही. वर येताना किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो.

लोणारचे विवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात कोरले गेले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर आहे. तळाशी क्षारयुक्त पाण्याचे सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते, हे आपणास आठवत असेल. त्याच वर्षी या सरोवराचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. हे सारे वैभव काठावरून उत्तम दिसते. गावातील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम पाहण्यासाठी तर दरी उतरावीही लागत नाही. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा जुना त्रास आहे, त्यांनी काठावर बसून सरोवर पाहिले, तर त्यांचे काही हुकले असे मानण्याचे कारण नाही. ज्यांना उतरावयाचेच आहे, त्यांनी सकाळी नाश्त्यानंतर तासाभराने, हातात काठी घेऊन उतरावे. शक्तीचा तिसरा हिस्सा खर्च झाल्यासारखे वाटले की परत फिरावे. उरलेले दोन हिस्से चढणीसाठी लागतात. चढताना एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर ते थांबण्याचे लक्षण समजावे.

अजिंठ्यातील अंधार आणि थंड फरशी

अजिंठ्याची तीस लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, उभ्या कड्यात कोरलेली आहेत. १८१९ मध्ये शिकारीस आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि १९८३ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी ठेवून बसने पायथ्याशी जावे लागते. त्यानंतर पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. डोलीत बसण्याचा संकोच अनेक ज्येष्ठांना वाटतो. तो बाजूस ठेवावा. भाडे आधी ठरवावे आणि निवांत बसावे. लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

येथे खरा धोका दमापेक्षा पडण्याचा आहे. बाहेरच्या लखलखीत उन्हातून लेण्यात पाऊल टाकले की वृद्ध डोळ्यांना अंधारास सरावण्यास वेळ लागतो, आणि उंबरे तर उंच-सखल. म्हणून दारातच मिनिट-दोन मिनिटे उभे राहावे, सोबत्याचा हात धरावा आणि मगच आत जावे. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना खडा टोचलेला कळत नाही. त्यांनी न घसरणारे जाड मोजे घालावेत आणि रात्री मुक्कामी पोचल्यावर दोन्ही तळवे उजेडात तपासून घ्यावेत.

न मागितलेला थांबा

आता एका नाजूक विषयाकडे वळू. अनेक घरांतील आजी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणे बंद करतात. कारण त्या सांगत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, आणि मुलाला किंवा जावयाला गाडी थांबवण्यास कसे सांगावे, ही ती चिंता असते. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही हेच करतात. वाढत्या वयात तहान मुळातच कमी लागते. त्यात थंडी आणि कोरडी हवा. परिणामी रक्तदाब घसरून चक्कर येणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, आणि कधी कधी संध्याकाळी अचानक असंबद्ध बोलणे, असे प्रकार घडतात. घरच्यांना वाटते, प्रवास सोसला नाही. प्रत्यक्षात पाणी सोसण्याइतके पोटात गेलेलेच नसते.

म्हणून सांभाळ करणाऱ्यांना आग्रहाने सांगणे आहे: त्यांनी मागण्याची वाट पाहू नका. दर दोन तासांनी गाडी थांबेल, हे निघतानाच सर्वांसमक्ष जाहीर करा आणि 'आम्हालाही पाय मोकळे करायचे आहेत' असे म्हणून तुम्हीच आधी उतरा. या थांब्याचा दुसरा लाभ असा की, तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीतील रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा जो धोका असतो, तो चार पावले चालल्याने कमी होतो. गाडीतही घोटे वर-खाली हलवत राहावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर मुक्काम गाठण्याची घाई न करता रुग्णालय गाठावे.

औषधे आणि वेळ

लघवी वाढवणारी गोळी प्रवासापुरती स्वतःच्या मनाने बंद करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. औषधे डिकीतील बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत. उभ्या गाडीत हिवाळ्याच्या दुपारीही बरीच उष्णता कोंडते. इन्शुलिन तेथे सोडून लेणी पाहण्यास जाऊ नये. वाटेत हुरड्याचा बेत असेल तर आनंदाने बसावे, परंतु त्यामुळे जेवणाची वेळ पुढे जाणार नाही हे पाहावे. घाम, थरथर, गोंधळलेपण दिसले आणि व्यक्ती शुद्धीवर असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी. छातीत दाब किंवा जबड्याकडे सरकणारी कळ जाणवल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पहाटे रक्तदाब वाढतो. त्यामुळे 'चारला उठून पाचला निघू' हा जुना शिरस्ता ज्येष्ठांसोबत असताना सोडावा. ऊन अंगावर आल्यावर निघावे आणि दिवेलागणीपूर्वी मुक्कामी पोचावे. याला आणखी एक कारण आहे. आपल्या भागात हे ऊसतोडीचे दिवस. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली धुक्यात वा अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

सातासमुद्रापारची दरी

आपल्यापैकी काहींची मुले अमेरिकेत असतात आणि हिवाळ्यात आई-वडिलांना ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यन दाखवण्यास नेतात. तिचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे बर्फ असते. उत्तर काठाचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. दरीची खोली दीड किलोमीटरहून अधिक, म्हणजे लोणारच्या दहापट. नियम मात्र तोच: काठावरून पाहावे, उतरण्याचा मोह टाळावा, बर्फावर न घसरणारे बूट वापरावेत आणि पाणी पीत राहावे.

वाचकहो, निघण्यापूर्वीच्या आठवड्यात तीन कामे करा. रक्तदाब व रक्तशर्करा तपासा. औषधांची यादी दोन प्रतींत लिहा. एक आजींच्या पिशवीत, एक चालकाजवळ ठेवा. आणि ज्येष्ठांना मोकळेपणाने विचारा, 'तुम्हाला काय पाहायचे आहे?' उत्तर 'नुसते काठावर बसून सरोवर पाहायचे आहे' असे आले, तर त्याप्रमाणेच बेत आखा, आणि सोबत एक घडीची खुर्ची घ्यायला विसरू नका.