खरवस आमचा, चीक मोरीत!

दिवाळीचे दार उघडते ते वसुबारसेने. त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा करायची आणि गाईचे दूध आपण तोंडाला लावायचे नाही, ते वासराचे! आमच्या अंबरनाथच्या चाळीत आता गाय कुठली? बायका पाटावर तांदळाची गाय-वासरे काढून ओवाळतात. खुशाल ओवाळा. पण वाचकहो, हातातले निरांजन खाली ठेवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर द्या. वासराच्या वाट्याला एवढे जपणारी आपली घरे माणसाच्या बाळाचा पहिला वाटा मोरीत का ओततात?

मोरीत ओततात, हे मी अनुभवाने सांगते. बावीस वर्षांपूर्वी मी पहिलटकरीण होते. पहिल्या दिवशी अंगावर आले ते दूध दाट, पिवळसर. वाटीचा तळ जेमतेम ओला होईल एवढेच. सासूबाई म्हणाल्या, "नासकं आहे ते. पिळून टाक. तिसऱ्या दिवशी चांगलं उतरेल." मी मॅट्रिक झालेली बाई, पण त्या खोलीत माझे मॅट्रिक काय कामाचे? पिळले आणि ओतले. बाळाला मधाचे बोट, साखरेचे पाणी आणि सहाणेवर उगाळलेली घुटी. तिसऱ्या रात्री त्याला जुलाब लागले, डोळे खोल गेले. मधाने की पाण्याने, कोण सांगणार? पोर वाचले, एवढे खरे.

आणि गंमत ऐका. त्याच आठवड्यात गवळ्याने म्हशीचा चीक आणून दिला. वेलदोडा-जायफळ घालून खरवस झाला. सासूबाईंनी मोठ्या मायेने पहिली वडी मला दिली. "खा गं, अंगी लागतो!" म्हशीचा चीक अंगी लागतो आणि आईचा तेवढा बाधतो! गवळ्याला विचारा, रेडकाला चीक पाजला नाही तर काय होते. तो सांगेल, ते हाती लागत नाही. गोठ्यात जे कळते ते माजघरात का कळू नये?

चीक थोडा असतो, ही त्याची खोड नव्हे. पहिल्या दिवशी बाळाचे पोट ते केवढे! चमच्यांच्या हिशेबातले ते दूध त्याला पुरते. रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यात पुढच्या दुधाहून कितीतरी अधिक असतात. बाळाची पहिली काळी शी पडून जायलाही त्याची मदत होते. शिवाय दुधाचा नियम असा, की बाळ ओढील तसे ते उतरते. साखरपाण्याने भूक मेली, की बाळ ओढत नाही; ओढत नाही म्हणून दूध उतरत नाही; आणि मग "हिला दूधच नाही" असे म्हणायला आपण मोकळे! मधाचे म्हणाल, तर त्यात एका घातक जंतूची बीजे असू शकतात. म्हणून वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवूच नये.

पण सारे खापर आजीबाईंच्या माथी फोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील शंभरांतली ८८ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यांत झालेली दिसतात. पहिल्या तासात आईच्या अंगावर गेलेली बाळे मात्र शंभरांत ४२ सुद्धा नाहीत. म्हणजे उरलेल्यांतल्या बहुतेकांची उपासमार परिचारिका आणि डॉक्टर यांच्या देखतच झाली ना?

बदलापूरच्या माझ्या एका शेजारणीच्या सुनेचे असेच झाले. सीझर झाले, आई ग्लानीत. बाळ तिच्या कुशीशी धरायला कोणाला सवड नव्हती. नवऱ्याच्या हातात चिठ्ठी आली: पावडरचा डबा आणा. १९९२ पासून आपल्याकडे कायदा आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, आईला फुकट नमुना द्यायचा नाही. चिठ्ठीला कोण अडवणार?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही आमची तीन स्टेशने एका माळेतली. उल्हासनगरात घुट्टी म्हणतात, आमच्याकडे घुटी. बाटली सगळीकडे तीच. याच रुळांवरून मुंबईकडे निघालात तर शीव लागते. तिथल्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. मातांनी दिलेले दूध तिथे तापवून निर्जंतुक करतात, जपून ठेवतात आणि अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात. परक्या आईच्या थेंबाची तिथे ही किंमत, आणि सख्ख्या आईचा थेंब आमच्या मोरीत!

कोणी म्हणेल, बाई हट्टी दिसते. हट्टी आहेच, पण आंधळी नाही. बाळ मलूल पडले, ओढीनासे झाले, लघवी होईना, अंग पिवळे दिसू लागले, तर तडक डॉक्टर गाठावा. वरचे दूध लागलेच तर त्यांनी तपासून सांगावे. डबा औषधासारखा यावा, आहेरासारखा नव्हे.

बाळंतिणीला मात्र या तीन दिवसांत टोमणे नकोत, माणूस हवे. बाळ छातीशी नीट धरून देणारे, पाठीला उशी लावणारे, "येईल गं दूध" म्हणणारे. भाऊबीजेला बहीण ओली बाळंतीण असेल, तर भावाने ओवाळणीत एवढा शब्द घालावा.

मी कादंबऱ्या लिहिते. त्यांत बाळ जन्मते, रडते आणि प्रकरण संपते. पुढचे तीन दिवस मी कधी लिहिलेच नाहीत. माझा मुलगा आज बावीस वर्षांचा आहे, सकाळची लोकल धरून कामाला जातो. त्या वाटीची गोष्ट त्याला मी अजून सांगितलेली नाही. हा अंक घरी आला, की तो वाचील.