संगणकीकृत म्हणे!

'आमचे ग्रंथालय पूर्ण संगणकीकृत आहे' असं आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजच्या माहितीपत्रकात वाचलं की हल्ली डोकं फिरतं. कुणासाठी संगणकीकृत? बारकोड चिकटले, नॅकची समिती बघून गेली, झालं!

माझ्या भाचीने तिच्या कॉलेजात (नाव कशाला घ्या) नेमाड्यांची 'कोसला' शोधली. देवनागरीत टाईप केलं, शून्य. रोमनमध्ये केलं, तरी शून्य. मग कुणीतरी सांगितलं, 'एस'नंतर आणखी एक 'ए' घाल. पुस्तक कपाटातच होतं! १९६३ सालची मराठी कादंबरी, अन् ती सापडायला इंग्रजी स्पेलिंग पाठ पाहिजे.

बरं, दोष सॉफ्टवेअरचाही नाही. इन्फ्लिबनेटचं 'सोल' घ्या नाहीतर फुकटातलं 'कोहा', दोन्हींत देवनागरी चालते. नोंदी रोमनमध्ये भरणं भरणाऱ्याला सोपं होतं, एवढंच. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दलच आहे, आणि तो परीक्षेत लिहूनच सगळे ग्रंथपाल झालेत. (ग्रंथपाल मित्रांनो, रागवा खुशाल. जिथे तुमची जागाच रिकामी ठेवलीय तिथला राग मात्र संस्थाचालकांवर.)

याहून संताप येतो तो एन-लिस्टवरून. २०१० साली सुरू झालेली ही योजना. कॉलेजने वर्गणी भरली की हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं खुली होतात, तीही घरबसल्या. मानोऱ्याहून एसटीने येणाऱ्या पोरालासुद्धा मोबाईलवर. भाचीने पासवर्ड मागितला तर उत्तर मिळालं, 'ते प्राध्यापकांसाठी असतं.' साफ चूक! विद्यार्थीही त्यात येतात.

त्यातलं बरंचसं इंग्रजीत आहे, मान्य. पण वाचायचं की नाही ते पोरगी ठरवेल ना? २०२५ च्या जानेवारीत 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'चा गाजावाजा झाला, पण त्याचा पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता. खासगी संस्थांच्या अनुदानित कॉलेजांना एन-लिस्टचाच आधार. तोही कुलुपात ठेवायचा?

नवीन काही विकत घ्या असं मी म्हणतच नाहीये. प्रवेशाच्या पावतीसोबत पासवर्ड द्या, आणि मराठी पुस्तकांच्या नोंदी मराठीत करा. भाचीला सांगितलंय, प्राचार्यांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. मसुदा मी करून दिलाय. आणखी कुणाच्या पोरांना पाहिजे असेल तर कळवा, पाठवतो.