रक्तदाब लपवला, की धोका वाढला

विमान उडवणारा माणूस डॉक्टरांकडे जायला घाबरतो, असे कोणी म्हटले तर पटणार नाही. पण वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना हा अनुभव नवा नाही. चाळिशी ओलांडलेला, स्वतःच्या हौसेसाठी छोटे विमान चालवणारा माणूस बीपी मोजणे टाळतो. मोजले आणि जास्त निघाले, तर गोळी घ्यायचे टाळतो. गोळीची नोंद झाली की परवाना गेला, अशी त्याची समजूत असते. मग तो दोन वर्षे मीठ कमी करून पाहतो, लसूण खातो आणि तपासणीच्या आदल्या रात्री कोणाकडून तरी मागून एक गोळी घेतो.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून हौसेने विमान उडवणारे कोल्हापूरकर फार नसतील. ही भीती मात्र आपल्या गावात पावलोपावली भेटते. एसटी आणि केएमटीचे चालक, मुंबई-बेंगळुरूच्या फेऱ्या मारणारे ट्रकवाले, गळीत हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरचालक, कारखान्यातले क्रेन ऑपरेटर यांच्याकडून सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एकच विनंती ऐकू येते : ‘साहेब, केसपेपरवर बीपी लिहू नका, कामावर अडचण येईल.’ म्हणून वैमानिकांच्या बाबतीत जगाने काय नियम केले आणि त्यांतून आपल्याला काय घेता येईल, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे खासगी वैमानिकाला ‘क्लास टू’ आणि व्यावसायिक वैमानिकाला ‘क्लास वन’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमानुसार खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र चाळिशीपर्यंत ६० महिने चालते, चाळिशीनंतर २४ महिने. पन्नाशीनंतर दर १२ महिन्यांनी तपासणी व्हावी अशी शिफारस आहे. वय वाढेल तशी तपासणी जवळ येते, कारण शरीरातले बदलही याच वयात होतात. रक्तदाबाबद्दल हाच नियम सांगतो, की तो योग्य मर्यादेत हवा, आणि तो आटोक्यात ठेवण्यासाठी घेतलेले औषध उड्डाणाच्या सुरक्षिततेशी जुळणारे असेल तर ते परवान्याच्या आड येत नाही. अमेरिकेत ही मर्यादा १५५/९५ आहे. युरोपात रक्तदाब सतत १६०/९५ च्या वर राहिला तर वैमानिकाला अपात्र ठरवतात.

हे आकडे वाचून कोणी स्वस्थ होऊ नये. ती विमान उडवू देण्याची कमाल मर्यादा आहे. उपचाराचे लक्ष्य त्याहून बरेच खाली असते : किमान १४०/९० च्या आत, आणि चक्कर वगैरे त्रास होत नसेल तर बहुतेक मध्यमवयीन माणसांत १३०/८० च्या आसपास.

औषधाबद्दलची भीतीही तपासून पाहू. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल, क्लोरथॅलिडोन यांसारख्या आपल्या रोजच्या वापरातल्या गटांतली औषधे वैमानिकांना सहसा चालतात. क्लोनिडिन, मिथिलडोपा अशी मेंदूवर काम करून रक्तदाब उतरवणारी औषधे चालत नाहीत, कारण त्यांनी झापड येते. नवे औषध सुरू केले किंवा डोस बदलला, की काही काळ उड्डाण थांबवायचे, उठताना अंधारी येत नाही ना, थकवा येत नाही ना हे पाहायचे आणि मग पुन्हा उडायचे. म्हणजे ही थोडी सुट्टी असते, कायमची बंदी नसते.

आदल्या रात्रीच्या गोळीचा तर काही उपयोगच नाही. अॅम्लोडिपिन शरीरात सावकाश साठत जाते. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला रोज गोळी घेऊन साधारण एक ते दोन आठवडे लागतात. एका गोळीने दुसऱ्या दिवशीचा आकडा फारसा हलत नाही. घाबरून दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकदम घेतल्या, तर रक्तदाब एकाएकी उतरून चक्कर येऊ शकते आणि तीही नेमकी गाडी चालवताना. उलट बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन अचानक बंद केले, तर रक्तदाब उसळी मारून आधीपेक्षा वर जातो. परीक्षेपुरता अभ्यास केल्यासारखी परीक्षेपुरती गोळी या आजाराला चालत नाही.

नियम इतके बारकाईने का केले, हे समजायला एक जुना अपघात उपयोगी पडेल. १८ जून १९७२ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रसेल्सला निघालेले ट्रायडंट विमान तीन मिनिटांच्या आत स्टेन्स गावाजवळ कोसळले. विमानातले सर्व ११८ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन ५१ वर्षांचे होते. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चरबीने बऱ्याच अरुंद झालेल्या दिसल्या आणि एका वाहिनीच्या आतल्या अस्तराला नुकतीच चीर पडलेली आढळली. रक्तदाब एकाएकी वाढल्याने असे होऊ शकते, असे तज्ज्ञांनी सांगितले. उड्डाणापूर्वी वैमानिकांच्या खोलीत संपाच्या विषयावरून कॅप्टनची एका सहकाऱ्याशी जोरदार वादावादी झाली होती. विमानाचा वेग पुरेसा नसताना पंखांच्या पुढच्या कडा आत घेतल्या गेल्या, हे अपघाताचे लगेचचे कारण. त्यामागच्या कारणांत चौकशी अहवालाने कॅप्टनच्या हृदयविकाराने उणावलेली एकाग्रता आणि निर्णयशक्तीही नोंदवली.

हे कॅप्टन काही लपवत होते असे नाही. त्यांच्या नियमित तपासणीत, ईसीजीतसुद्धा हा आजार दिसला नव्हता. या घटनेतून दोन गोष्टी कळतात. माणूस बेशुद्ध पडला नाही, तरी आजार त्याचा निर्णय बिघडवू शकतो. आणि ऐन पन्नाशीत, काहीही दुखत-खुपत नसताना, रक्तवाहिन्या आतून खराब झालेल्या असू शकतात.

रक्तदाब नेमके हेच करतो. तो दुखत नाही. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६१ अभ्यासांतल्या सुमारे १० लाख माणसांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली. ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दर टप्प्याला साधारण दुप्पट होतो, असे त्यात दिसले. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील दर १०० पुरुषांपैकी २४ आणि दर १०० स्त्रियांपैकी २१ जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होते. एसटीच्या एका भरलेल्या गाडीत अशी दहा माणसे सहज असतील. चालक त्यांपैकी एक आहे का, एवढाच प्रश्न आहे.

मध्यमवयात बीपी वाढण्याची आपल्याकडची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. मिसळीवरचा फरसाण, पापड, लोणचे, खरडा आणि ढाब्यावरचा रस्सा यांत ते एका जेवणातच संपते. मिश्री-तंबाखू रक्तवाहिन्या आवळते. रोजची दारू रक्तदाब चढवते. पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि सर्दीसाठी घेतलेली नाक मोकळे करणारी औषधे बीपी वाढवतात, हे तर कित्येकांना माहीतच नसते. चालकांची पाठ दुखतेच, म्हणून त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आणखी एक कारण हसण्यावारी नेले जाते, ते म्हणजे घोरणे. पोट सुटलेला, मान जाड झालेला माणूस मोठ्याने घोरतो, झोपेत मध्येच त्याचा श्वास थांबतो, सकाळी डोके जड असते आणि दुपारी डुलकी लागते. हा ‘स्लीप अॅप्निया’ असू शकतो. त्यात तीन-तीन गोळ्यांनीही बीपी नीट उतरत नाही आणि स्टिअरिंगवर डोळा लागतो. घरच्या माणसांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही.

दवाखान्यात आकडा वाढतो आणि घरी बरोबर येतो, अशी तक्रार बरेच जण करतात. ती अनेकदा खरी असते. प्रमाणपत्र हातात पडणार की नाही या धास्तीने कोणाचेही बीपी वर जाईल. त्यावर उपाय आहे. दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे. चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद ठेवावा, लघवी करून यावे, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, हात छातीच्या पातळीवर ठेवावा आणि मोजताना बोलू नये. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, असे सात दिवस मोजावे, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढावी. ती १३५/८५ च्या आत असेल तर बहुधा दवाखान्याची धास्तीच असते, तरी लक्ष ठेवावे लागते. त्यावर असेल तर आजार आहे, असे धरून उपचाराला लागावे. ही वही डॉक्टरांना दाखवली, तर एका धावत्या आकड्यावरून निर्णय घ्यावा लागत नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. अंबा, फोंडा, करूळ, भुईबावडा हे घाट उतरणाऱ्या गाडीच्या मागे चाळीस-पन्नास कुटुंबे विश्वासाने बसलेली असतात. चाळिशीनंतर किंवा प्रवासी-मालवाहू वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचे ‘नमुना १-अ’ प्रमाणपत्र लागते. त्या नमुन्यात नजर, लाल-हिरवा रंग ओळखणे, २५ मीटरवरची नंबरप्लेट, रातांधळेपणा, ऐकू येणे, हातापायांचे व्यंग याबद्दल प्रश्न आहेत. रक्तदाबाच्या आकड्याला त्यात रकाना नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतूक परवाना तीनऐवजी पाच वर्षांसाठी मिळतो. पंचेचाळिशीतल्या माणसाचे बीपी पाच वर्षांत कुठल्या कुठे जाऊ शकते.

रकाना घाला म्हटले, की लगेच आक्षेप येईल, की मग लोक आणखी लपवतील. आक्षेप रास्त आहे. हौशी वैमानिकाचे उड्डाण थांबले तर त्याचा रविवार जातो; चालकाची गाडी थांबली तर घरातली चूल थांबते. म्हणून नियमाचे पहिले वाक्य हेच असायला हवे, की औषध घेऊन बीपी आटोक्यात असलेला चालक पूर्ण पात्र आहे. आकडा फार वर असेल तर चार आठवडे उपचार आणि फेरतपासणी, आणि तेवढ्या काळात पगार न कापता डेपोतले काम. वैमानिकांच्या नियमांत परतीची वाट लिहून ठेवलेली आहे. ज्या नियमात ती नसते, तो माणसाला खोटे बोलायला शिकवतो.

यासाठी नवे रुग्णालय लागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात आपल्या शेजारचा सिंधुदुर्ग आणि पलीकडचा सातारा हे जिल्हे होते. सोपी ठरावीक औषधे, महिनाभराचा साठा, घराजवळ तपासणी आणि प्रत्येकाची नोंद, एवढाच त्याचा गाभा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. डेपोत, ट्रक टर्मिनलवर, कारखान्याच्या गाडीतळावर एक चांगले यंत्र आणि मोजायला शिकवलेला एक माणूस ठेवता येईल. आकडा साहेबांच्या टेबलावर न जाता चालकाच्या कार्डावर राहावा, आणि फिरतीवरच्या माणसाला वाटेतल्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात तीच गोळी मिळावी. एवढे झाले, तर लपवण्याचे कारणच उरणार नाही.

गळीत हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखान्यांनी आणि एसटी-केएमटीच्या व्यवस्थापनाने हे करून पाहावे. आणि वाचकहो, तुमचे वय चाळीसच्या पुढे असेल, मग तुमच्या हातात स्टिअरिंग असो, लेथ मशीन असो की तवा, तर या आठवड्यात बीपी मोजून घ्या. जास्त निघाले तर केसपेपरवर लिहू द्या. ती नोंद तुमच्या उपचाराची सुरुवात आहे.