दर्यावर्दीपण रक्तात नसते

१/ मराठा आरमाराचा विषय निघाला की ‘समुद्र आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते गौरवाचे वाटते. प्रत्यक्षात त्यातून आरमार उभारणाऱ्यांच्या परिश्रमांचा अपमान होतो.

२/ १६५९च्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीस जहाजबांधणी आरंभली, तेव्हा पोर्तुगीज कारागीर कामावर ठेवले. परक्यांची विद्या घेण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही.

३/ २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याआधी त्यांनी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याच्या हाताखाली उमेदवारी केली होती.

४/ पुढे दोंदे यांनीच नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना शिडाची विद्या शिकवली. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघालेली त्यांची ‘तारिणी’ जगाला वळसा घालून २१ मे २०१८ रोजी परतली. कप्तान वर्तिका जोशी मूळच्या उत्तराखंडच्या, जिथे समुद्रच नाही! तिथे ‘रक्त’ कोठून आणावे?

५/ ज्याला आरमाराचा खरोखर अभिमान आहे, त्याने वारा ओळखावा, भरती-ओहोटीचे कोष्टक वाचावे, सुकाणू धरायला शिकावे. महाराजांनीही शिकणाऱ्यांनाच जवळ केले.