ताप आणि हजेरीपत्रक

पावसाळा उतरणीला लागला की गडचिरोलीच्या रानपट्ट्यात हिवताप घरोघर हिंडू लागतो. अशाच एका भाद्रपदात आमच्या वसतिगृहातील स्वयंपाकीणबाई तीन दिवस आल्या नाहीत. व्यवस्थापक मीच होतो. हजेरीपत्रकावर तीन फुल्या मारल्या आणि महिनाअखेर तीन दिवसांची मजुरी कापली. पुढच्या खेपेस बाई तापातच आल्या आणि हुडहुडी भरलेल्या अंगाने चुलीपुढे बसल्या. ही शिस्त त्यांना मीच शिकवली होती. म्हणून इतरांना बोल लावण्याआधी हे कबूल करतो.

आजारपणाची रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी, हा समज आपल्यात खोल रुजला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२० च्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. परंतु ही रजा विश्रांतीची आहे. ती तापातच खर्ची पडली तर विश्रांती कोठून आणावी? कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. पण पुड्यावर मजुरी घेऊन तेंदूपाने तोडणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत नसते. तिच्या वाट्याला केवळ खाडा येतो.

त्यावर आपण म्हणतो, ‘डॉक्टरचा दाखला आणा.’ पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता कितीदा तरी बंद पडला आहे. अशा वेळी तापाने फणफणलेल्या माणसाने दाखला कोठून आणावा? तीन दिवसांपर्यंत दाखला मागूच नये. गावच्या आशा सेविकेचा शब्द पुरेसा मानावा. धानाची रोवणी, घरातील बाळंतपण, मयत यांसाठीही वर्षातून काही दिवस भरपगारी द्यावेत. बदली माणूस शोधणे हे मालकाचे काम आहे, आजाऱ्याचे नव्हे.

‘लोक खोटे बोलतील,’ असा आक्षेप येईल. काही बोलतीलही. पण एका लबाडाला पकडण्यासाठी दहा आजाऱ्यांना कामावर ओढणे हा कोणता न्याय? शिवाय तो तोट्याचाच व्यवहार आहे. हिवतापाचा रोगी मुलांच्या वसतिगृहात आणून बसवला, तर डास तोच ताप मुलांच्या अंथरुणापर्यंत नेतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीच्या हक्काचा आणि आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यासपीठावरून आपण त्याचे दाखले देतो. मग आपल्या शाळा, दवाखाने व वसतिगृहे यांतील आचारी, शिपाई, चालक आणि सफाई कामगार यांची हजेरीपत्रके या महिन्यात उघडून पाहू या. कोळसा खाणीच्या कंत्राटदाराला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला त्यानंतरच येईल.

बाईंची कापलेली मजुरी मी पुढे परत केली. त्यांनी ती निमूट घेतली. तापात चुलीपुढे काढलेले दिवस मात्र मला परत करता आले नाहीत.